फ्लॅटचा ताबा घेण्याआधीची पाहणी: या चुका टाळा

बिल्डरकडून ‘पझेशनसाठी या’ असा फोन आला की घरात धावपळ सुरू होते ती नारळ, पेढे आणि मुहूर्ताची. दहा-बारा माणसं साइटवर जातात, आजी देवघराची दिशा ठरवते, मुलं खोल्या वाटून घेतात आणि तेवढ्यात साइट इंजिनिअर छापील कागद पुढे करतो: ‘सदनिका तपासली, कोणतीही तक्रार नाही.’ सही झाली की झाली पाहणी.

तेव्हा पाहणी आणि पूजा एकाच दिवशी ठेवू नका. पाहणीला दोघं-तिघं पुरेत, पण दोन-तीन तास मोकळे हवेत आणि तेही दिवसाउजेडी. बरोबर मोजायची टेप, टॉर्च, एक नाणं, बादली, खुणेसाठी मास्किंग टेप आणि करारनाम्याची झेरॉक्स घ्या. ओळंबा-गुण्या वापरता येणारं कुणी ओळखीचं असेल तर उत्तमच, नाहीतर फी देऊन सिव्हिल इंजिनिअर न्या. फ्लॅटच्या किमतीपुढे ती फी किरकोळ असते, पण आपल्याकडे लोक नेमकी तीच वाचवतात.

ओसी न बघता आत शिरणं

आधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी (इमारतीत राहायला हरकत नाही असा सरकारी दाखला) मागा. ‘फर्निचरपुरता ताबा घ्या, ओसी येतेच आहे’ या बोलण्याला भुलू नका. ओसी आल्यावर मात्र ‘सावकाश बघू’ म्हणूनही चालत नाही, कारण रेरा कायद्यानुसार (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) त्यानंतर दोन महिन्यांत ताबा घेणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे.

कार्पेट एरिया, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ, स्वतः मोजा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) आणि बाल्कनी धरत नाहीत. महारेराच्या (महाराष्ट्रातलं रेरा प्राधिकरण) नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतच्या फरकाला मुभा आहे. म्हणजे ६५० चौरस फुटांत साडेएकोणीस चौरस फूट. त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे परत मागता येतात.

कोरडं बाथरूम पाहून समाधान मानणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढची भांडणं इथूनच निघतात, तीही खालच्या मजल्यावरच्यांशी. दारापासच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता आणि बघत राहा. ते आपणहून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जाळी लावलेल्या सांडपाण्याच्या भोकाकडे, गेलं पाहिजे. कोपऱ्यात किंवा कमोडमागे डबकं राहिलं तर उतार चुकलाय, आणि तो फरशी उखडल्याशिवाय नीट होत नाही. पाणी जातंय पण गुळगुळ करत, रेंगाळत? मग ट्रॅपची जाळी काढून टॉर्च मारा. गवंड्यांनी घमेली धुतलेलं सिमेंटचं पाणी बरेचदा तिथेच जाऊन बसलेलं असतं. सगळे नळ एकदम सोडून फ्लश करा, बेसिनखालच्या पाइपांना कोरडा टिश्यू लावून बघा. जमलं तर ट्रॅप बंद करून रात्रभर पाणी साठवू द्या आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत पाहा. बाल्कनीचीही हीच परीक्षा.

ताबा पावसाळ्यात मिळत असेल तर वैतागू नका, जोराच्या सरीनंतर मुद्दाम जा. पश्चिमेच्या खिडक्यांखालची भिंत हाताने चाचपली की ओल कळते. उन्हाळ्यात रंगाखाली सगळं झाकलेलं असतं.

भिंत आणि फरशी नुसती डोळ्यांनी बघणं

टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारला की प्लास्टरचे उंचवटे उठून दिसतात. फरशीवर नाण्याने ठोका: भरीव असेल तर टक्क वाजतं, खाली मसाला नसेल तर आवाज पोकळ येतो. अशा फरशीवर पुढे कपाटाचा पाय आला की तडा ठरलेला.

भेगा दिसल्या की लगेच घाबरायचं कारण नाही. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेषा भरून निघतात. वीटकाम आणि बीम जिथे मिळतात तिथली आडवी भेग दुरुस्त करून घ्यावी लागते. बीम किंवा कॉलममध्येच भेग असेल तर मात्र इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोबाइल चार्जर लावून वायरिंग तपासणं

चार्जर दोन पिनांचा असतो, अर्थिंग नसलं तरी चालतो. म्हणून तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घ्या, स्वस्तात मिळतो. आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबा. खटका पडला नाही तर लगेच यादीत लिहा.

तोंडी तक्रार, आणि लगेच इंटिरिअरवाला

‘करून देतो साहेब’ याला काही किंमत नाही. प्रत्येक दोषावर मास्किंग टेप, फोटो, खोलीवार यादी आणि ती त्याच दिवशी ईमेलने. छापील पत्रावर सही करायचीच असेल तर ‘सोबतच्या यादीतील दुरुस्त्यांच्या अधीन राहून’ असं हाताने लिहा. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. पण तोवर तुमच्या सुताराने ड्रिल मारून ठेवलं असेल, तर फरशी कुणी फोडली याचा वाद सुरू होतो. म्हणून यादी पूर्ण होईपर्यंत सुताराला थांबवा.

दुरुस्तीनंतर पुन्हा जाऊन त्याच फरश्यांवर त्याच नाण्याने ठोका. आणि निघताना त्याच बॅचच्या चार-सहा फरश्या मागून माळ्यावर ठेवून द्या. पुढे दुकानात तीच छटा शोधून सापडत नाही.