मुलांच्या हातचा खाऊ : तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर करण्याजोगे पदार्थ

लहान मुलाला स्वयंपाकघरात घ्यायचे म्हटले की बहुतेक घरांत दोनपैकी एक प्रकार घडतो. एक तर कणकेचा गोळा हाती देऊन त्याला कोपऱ्यात बसवले जाते, नाही तर सगळा पदार्थ मोठ्यांनी करून झाल्यावर वरून शेव भुरभुरण्यापुरते त्याला बोलावले जाते. आपल्यावाचून काहीच अडले नव्हते, हे दोन्ही वेळा मुलाला बरोबर कळते आणि पुढच्या वेळी ते फिरकत नाही. म्हणून पुढचे पदार्थ निवडताना एकच कसोटी लावली आहे : पदार्थातले मुख्य काम मुलाने करायचे आणि ते त्याला खरोखर जमण्यासारखे असायचे. आपल्या स्वयंपाकात कुस्करणे, चुरणे, चोळणे, पाखडणे, कालवणे, वळणे अशी नुसत्या हातांनी करायची कामे भरपूर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना ना सुरी लागते ना विस्तव. बिस्किटांवर चॉकलेटचे डोळे चिकटवून केलेले प्राणी छायाचित्रात सुंदर दिसतात, पण त्यांत मोठ्यांचीच हौस अधिक भागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बैठक आणि तयारी

काम शक्यतो जमिनीवर बसूनच करावे. स्टुलावर उभे राहून ओट्याशी काम करणाऱ्या मुलाचा तोल जाण्याची भीती असते आणि शेगडीही हाताच्या अंतरावर येते. खाली जुनी धुतलेली चादर अंथरावी व तिच्यावर मोठी परात ठेवावी, कारण परातीच्या काठामुळे सांडलवंड बरीचशी आतच राहते. अंथरायला वर्तमानपत्र मात्र घेऊ नये, कारण सांडलेला चुरा मुले उचलून तोंडात टाकणारच, आणि छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरणे आरोग्याला अपायकारक असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये अन्न वर्तमानपत्रात बांधण्याविरुद्ध सूचना काढली होती, ती याच कारणासाठी.

मुलाची नखे कापलेली असावीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असाव्यात आणि हात साबण लावून वीसपर्यंत अंक म्हणत धुतलेले असावेत. मोजण्यासाठी घरातली एकच वाटी ठरवून ठेवावी व ती मुलालाच भरायला सांगावी. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दुपारी, झोप झाल्यानंतर आणि पोटात थोडे काही गेल्यावर हे काम सर्वांत चांगले चालते, कारण भुकेले मूल पदार्थ होईपर्यंत थांबत नाही आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

दोन गोष्टींची काळजी आधीच घ्यावी. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत, कारण ती श्वासनलिकेत अडकू शकतात; सुकामेव्याची पूड करावी आणि द्राक्षे उभी चिरावीत. शेजारपाजारची मुलेही जमणार असतील, तर शेंगदाणे, दूध किंवा गहू यांपैकी कशाचे वावडे आहे का, हे त्यांच्या घरी विचारून घ्यावे.

पोळीचा लाडू

पहिल्यांदा करायचा पदार्थ हाच असावा. साहित्य घरात असते, बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि चुरण्याच्या कामात तीन वर्षांचे मूलही पटाईत असते. आदल्या दिवशीच्या चार मध्यम पोळ्या, अर्धी वाटी किसलेला किंवा बारीक चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे पातळ केलेले कोमट साजूक तूप आणि चिमूटभर वेलचीपूड एवढ्यात सात-आठ छोटे लाडू होतात. गूळ साधा, मऊ घ्यावा. चिक्कीचा गूळ या कामाला चालत नाही. गूळ किसण्याचे काम मोठ्यांनी आधीच उरकावे, कारण किसणी लहान बोटांना सुरीइतकीच लागते.

पोळी शिळीच हवी. ताज्या पोळीत ओलावा जास्त असल्याने ती चुरली न जाता तिचे गोळे होतात. शिळी पोळीही फार मऊ राहिली असेल, तर तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी जरा कडक करून पूर्ण गार होऊ द्यावी. मग परातीत पोळ्या टाकून आधी त्यांचे मोठे तुकडे करायचे आणि नंतर ते तुकडे दोन्ही तळव्यांत चोळायचे, हे मुलाला एकदा करून दाखवावे आणि आपला हात मागे घ्यावा. काम भराभर व्हावे म्हणून मिक्सरचा मोह अनेकांना होतो, पण त्यातून निघणारा चुरा पिठासारखा बारीक असतो आणि लाडू टाळूला चिकटतो. मुलाच्या हातचा थोडा जाड, थोडा बारीक असा चुरा खाताना अधिक चांगला लागतो, आणि ही गोष्ट त्याला आवर्जून सांगावी, कारण ती खरी आहे.

चुऱ्यात गूळ घालून तो बोटांनी चोळून एकजीव करायचा. गुळाचा खडा हाताला लागला की तो फोडायचा, हे काम मुलांना शोधाशोधीच्या खेळासारखे वाटते आणि खड्यांपैकी दोन-चार तोंडात जातात, तिकडे दुर्लक्ष करावे. त्यानंतर वेलचीपूड व तूप घालून पुन्हा कालवायचे.

वळताना मुले एक गोष्ट हमखास करतात. सारण हातात घेताच ती दोन तळव्यांत गोल फिरवायला लागतात आणि लाडू फुटतो. म्हणून आधी लहान लिंबाएवढे सारण एका मुठीत घेऊन तीन-चार वेळा घट्ट दाबायला सांगावे आणि ते मुठीत टिकते आहे असे दिसल्यावरच गोल वळायला सांगावे. तरीही फुटत असेल तर चमचाभर तूप वाढवावे किंवा चमचाभर दूध शिंपडावे. दूध घातल्यास लाडू त्याच दिवशी संपवावेत. लाडू गोल न होता नुसता मुटका झाला तरी तो तसाच ताटलीत ठेवावा. मुलाची पाठ वळताच त्याचे लाडू हळूच पुन्हा वळून ठेवणे हा मोठ्यांचा आवडता उद्योग असतो, आणि मुलांच्या तो हटकून लक्षात येतो.

हे जमले की दाण्याचा लाडू सोपा जातो. दाणे मोठ्यांनी मंद आचेवर खरपूस भाजून पूर्ण गार करावेत, मग मुलांनी ते परातीत तळव्यांनी रगडून साले सुटी करावीत. घरात सूप असेल तर गॅलरीत नेऊन पाखडायला द्यावे. नसेल तर ताटलीवर फुंकर घातली तरी काम होते. पाचांखालील मूल असेल तर दाणे तोंडात जात नाहीत ना, याकडे या वेळी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. मिक्सर मोठ्यांनी थांबत थांबत फिरवावा. एक वाटी कुटाला अर्धी ते पाऊण वाटी गूळ पुरतो आणि गुळासह पुन्हा एकदा फिरवले की दाण्यांना सुटलेल्या तेलानेच लाडू वळले जातात, वेगळे तूप लागत नाही. उपवासाच्या दिवशी मोठ्या माणसांच्या ताटात मुलांनी केलेला लाडू वाढला जावा, यासाठी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढणे सोयीचे असते.

दडपे पोहे

चार वर्षांपुढच्या मुलांसाठी कोकणातला हा पदार्थ फार चांगला आहे. त्यात मुलाला पाण्याचा अंदाज घ्यायला शिकता येते आणि लिंबू पिळण्याचे मानाचे काम त्याच्याकडे येते. दोन वाट्या पातळ पोहे, पाऊण वाटी ओले खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, एक कोचवलेली काकडी, अर्धे लिंबू, चमचाभर साखर, चवीपुरते मीठ आणि मूठभर कोथिंबीर एवढे साहित्य घ्यावे. जाड पोहे येथे चालत नाहीत, कारण ते भिजवावे लागतात.

मुलाने आधी पोहे ताटात पसरून निवडावेत. कोथिंबिरीची पानेही त्यानेच खुडावीत, म्हणजे चिरण्याचा प्रश्न राहत नाही. कांदा, काकडी व खोबरे मोठ्यांनी तयार करून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावे आणि ते पोह्यांत घालून हलक्या हाताने कालवण्याचे काम मुलाकडे द्यावे. मीठ घातले की काकडी आणि कांद्याला पाणी सुटते व पोहे त्यावर मऊ होऊ लागतात. हा बदल मुलाला बोटांना जाणवतो. नारळ फोडताना निघालेले पाणी ठेवले असेल तर तेच बोटांनी शिंपडायला द्यावे, नसेल तर साधे पाणी वापरावे. मुले शिंपडण्याच्या भरात वाटी उपडी करतात, म्हणून वाटीत दोन-तीन चमचेच पाणी ठेवावे आणि लागेल तसे पुन्हा भरावे.

मग पोहे एका भांड्यात दाबून बसवायचे, वर झाकण आणि झाकणावर वजन ठेवायचे. दहा-पंधरा मिनिटे ते उघडायचे नाहीत, हा या पदार्थातला मुलांसाठी सर्वांत अवघड भाग आहे. तेवढ्यात मोठ्यांनी मोहरी, हिंग, हळद व मिरचीची फोडणी करून ती थोडी निवू द्यावी आणि स्वतःच पोह्यांवर ओतावी. मिरची मुलाच्या हाती देऊच नये. चुकून हात लागलाच तर डोळ्याला लावण्याआधी बोटांना तेल चोळून मग साबणाने धुवावे, कारण मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही. शेवटी लिंबू पिळावे. ते आधी जमिनीवर तळव्याखाली दाबून फिरवले की लहान मुठीतही रस निघतो. वर भाजलेला पापड चुरायचा असेल तर तो चुरण्यावरून भावंडांत भांडण होते. पापड दोन घ्यावेत.

भेळ, शिकरण आणि शंकरपाळे

भेळेत मुलाने शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. कुरमुरे, शेव, उकडून सोललेला बटाटा, कांदा आणि चिंच-गुळाची चटणी वेगवेगळी मांडावी व प्रत्येक मुलाला स्वतःचा वाडगा द्यावा. बटाटा कुस्करणे, कोरडे साहित्य आधी घालणे, चटणी अगदी शेवटी घालून लगेच खायला बसणे हे त्याने स्वतः करावे. चटणी आधी घातली तर कुरमुरे किती लवकर मऊ पडतात, हे एकदा मुद्दाम मूठभर कुरमुऱ्यांवर करून दाखवावे.

शिकरणाला कृती अशी नाहीच. दोन पिकलेली केळी सोलून बोथट सुरीने कापायची, वाटीभर थंड दूध, चमचाभर साखर आणि वेलची घालून ढवळायचे व ताबडतोब खायचे. ठेवले तर केळे काळे पडते.

सहा-सात वर्षांच्या मुलांना दिवाळीच्या सुमारास शंकरपाळ्यांना घ्यावे. तूप, साखर आणि दूध प्रत्येकी अर्धी वाटी घेऊन साखर विरघळेपर्यंत गरम करावे, कोमट झाल्यावर त्यात मावेल तेवढा मैदा व चिमूटभर मीठ घालून घट्ट भिजवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. येथवरचे काम मोठ्यांचे आहे. लाटलेल्या पोळीवर कातण फिरवणे पूर्णपणे मुलांचे. आधी उभ्या रेघा, मग तिरप्या, एवढेच सांगावे. आकार लहानमोठे झाले तर तळताना त्यांचे वेगवेगळे घाणे काढावेत, म्हणजे लहान तुकडे करपत नाहीत. तळणीच्या वेळी मुले स्वयंपाकघराबाहेर असावीत, या नियमाला अपवाद करू नये. तळून निवलेले शंकरपाळे मोजून डब्यात भरण्यासाठी त्यांना पुन्हा बोलवावे.

आवरणे हे कामाचाच भाग समजून सुरुवातीलाच सांगून ठेवावे. चादरीची चारही टोके धरून ती बाहेर झटकणे, वाट्या मोरीत नेऊन ठेवणे आणि परात ओल्या फडक्याने पुसणे इतके मुलांकडून करून घ्यावे. परात घासणे मोठ्यांनी करावे, कारण ती जड असते आणि निसटली तर पायावर पडते.