वसईच्या भग्न किल्ल्याचे जुने मुद्राचित्र कसे पारखावे

वसईच्या किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्चे आणि भोवतालचे माड दाखवणारे जुने कोरीव मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून किंवा ठशावरून कागदावर छापलेले चित्र, हाती आले की नजर साहजिकच त्या भिंतींवर खिळते. पारख मात्र कागदाच्या कडेपासून सुरू करावी.

चित्र शक्यतो फ्रेमबाहेर काढून तिरप्या उजेडात धरावे. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरलेले चित्र छापताना ओल्या कागदात पत्र्याची कड रुतते आणि चित्राभोवती किंचित खोलगट चौकट उमटते. स्वच्छ बोट हलकेच फिरवले तरी ती जाणवते. चौकट दिसली नाही म्हणून चित्र लगेच खोटे ठरवू नये, कारण फ्रेमसाठी कडा बेधडक कापल्या जात, आणि लाकडी ठशाच्या चित्राला अशी चौकट मुळातच नसते. त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग लावावे. कोरणीची रेषा सलग असून टोकाशी निमुळती होते, शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, खडूसारखा रवाळपणा दिसतो, तर ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसल्यास ती छायाचित्रावरून केलेली नंतरची छपाई समजावी. रंग पुष्कळदा विक्रेत्यांनी मागाहून भरलेले असतात, त्यामुळे केवळ रंगासाठी जास्त पैसे मोजणे मला तरी पटत नाही.

चित्राखालच्या बारीक अक्षरांत बहुधा डावीकडे मूळ चित्रकाराचे आणि उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव असते. पहिल्यापुढे ‘डेल’, तर दुसऱ्यापुढे ‘स्कल्प’ ही लॅटिन संक्षेपरूपे येतात. स्थळनाम वाचताना विशेष जपावे. इंग्रज वसईला ‘बसीन’ म्हणत, पण ब्रह्मदेशातल्या पाथेनलाही ते त्याच नावाने ओळखत. ते शहर १८५२ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात त्यांनी घेतले, त्यामुळे नदीकाठच्या पॅगोड्याचे चित्र ‘वसई’ म्हणून गळ्यात पडू शकते.

आता चित्राकडे वळावे. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेली वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकली, आणि पोर्तुगीज वस्ती उठल्यावर आतली चर्चे हळूहळू ओस पडली. म्हणून पडझड दाखवणारे दृश्य साहजिकच त्यानंतरचे. तरीही त्याला मोजमापाचा नकाशा मानू नये. कोरणाऱ्याने वसई पाहिलेली असेलच असे नाही, आणि रिकामी जागा भरायला दोन माड किंवा पागोटेवाला वाटसरू घालण्याची तेव्हा रीतच होती. शिवाय पत्र्यावर उलटे कोरण्याचे राहून गेले तर छापात डावे-उजवे बदलते. खात्रीसाठी चित्राचा फोटो फोनमध्ये घेऊन किल्ल्यात जावे, सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यासमोर उभे राहावे आणि कमान व मनोरा कोणत्या हाताला येतात ते ताडून पाहावे.

कोकणच्या दमट हवेत कागदावर तांबूस डाग पडतात. ते घरी ब्लीचने काढू नयेत. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर कटाक्षाने टाळावे. आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून काच कागदाला टेकणार नाही अशी फ्रेम करावी आणि ती उन्हापासून दूर, कोरड्या आतल्या भिंतीवर लावावी. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून परदेशातल्या लेकीसाठी चित्र बॅगेत टाकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी.