रॅमची एक पट्टी की दोन? या चुका टाळा

संगणकासाठी १६ जीबी रॅम घ्यायची ठरली की १६ची एक पट्टी घ्यावी की ८च्या दोन, हा प्रश्न हमखास पडतो. ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून बहुतेक जण एकच पट्टी घेतात, आणि ती दुसरी पट्टी पुढे क्वचितच येते. घरगुती संगणकातील प्रोसेसर साधारणपणे दोन चॅनेलमधून, म्हणजे माहितीच्या दोन मार्गांनी, रॅमशी बोलतो, त्यामुळे एकच पट्टी बसवल्यास त्यातला एक चॅनेल रिकामा राहतो. डीडीआर४-३२०० ची (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) एक पट्टी सेकंदाला कमाल २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन चॅनेल चालू असतील, तर हीच मर्यादा ५१.२ जीबी होते. पत्रे लिहिणे किंवा इंटरनेट पाहणे यांत हा फरक फारसा जाणवत नाही. मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर प्रोसेसरमधील ग्राफिक्स याच रॅमवर चालते, आणि अशा संगणकावर गेम खेळताना एका पट्टीची उणीव लगेच दिसते.

पण केवळ दोन चॅनेल मिळावेत म्हणून ४ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊ नयेत, कारण रॅम अपुरी पडू लागली की चॅनेलचा फायदा मातीमोल होतो. आधी एकूण क्षमता ठरवावी, मग ती दोन पट्ट्यांत विभागावी. मदरबोर्डवर दोनच स्लॉट असतील आणि लवकरच रॅम दुप्पट करण्याचा बेत खरोखर पक्का असेल, तरच एका पट्टीला अर्थ आहे. चारही स्लॉट भरण्याची घाई नको, कारण विशेषतः डीडीआर५ मध्ये चार पट्ट्यांवर वेग बऱ्याचदा कमी करावा लागतो.

सर्वाधिक आढळणारी चूक मात्र खरेदीची नसून जोडणीची असते. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्यास त्या सहसा एकाच चॅनेलवर जातात. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजलेला दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२, वापरायचा असतो. स्लॉटच्या रंगावर विसंबण्यापेक्षा बोर्डाच्या पुस्तिकेतील तक्ता पाहावा. दोन्ही चॅनेल चालू असल्याची खात्री सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये करता येते. तिथे ३२०० ऐवजी १६०० मेगाहर्ट्‌झ दिसले तर घाबरू नये, कारण डीडीआरमध्ये प्रत्यक्ष घड्याळाच्या दुप्पट आकडा वेग म्हणून सांगितला जातो. त्याहूनही कमी दिसल्यास बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करायचे राहिले असण्याची शक्यता मोठी आहे.

जुन्या पट्टीला नवी जोडताना डीडीआर४ आणि डीडीआर५ एकत्र चालत नाहीत. त्यांच्या खाचाच वेगळ्या जागी असतात. एकाच पिढीतील वेगवेगळ्या पट्ट्या अनेकदा चालतात, पण मंद पट्टीच्या वेगाने, आणि कधी कधी विनाकारण संगणक बंद पडू लागतो. त्यामुळे एकाच पाकिटातील जोडी घेणे केव्हाही बरे.

रॅम बदलल्यावर पडदा काळाच राहिला, तर डीडीआर५ च्या बाबतीत आधी काही मिनिटे थांबावे, कारण पहिल्या वेळी मदरबोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. तरीही काही न दिसल्यास संगणकाची वीज पूर्ण बंद करून दोन्ही पट्ट्या काढाव्यात, ए२ मध्ये एकच पट्टी खटका लागेपर्यंत दाबून बसवावी आणि मग दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये तपासावी. दोन्ही एकेकट्या चालल्या, पण एकत्र चालल्या नाहीत, तर एक्सएमपी बंद करून पाहावे.