इयत्ता बघून पुस्तक घेऊ नका: घरी शिकवताना होणाऱ्या चुका

आमच्या माळ्यावर एक खोकं पडून आहे. त्यात चकचकीत कार्डं, फोमची इंग्रजी अक्षरं, दोन सीड्या आणि 'मूल वाचू लागेलच' अशी हमी देणारी एक पुस्तिका. धाकटा दुसरीत होता, अक्षर लागत नव्हतं, वर्गशिक्षिका रोज वहीत लाल शेरा देत होत्या. कुणीतरी सांगितलं आणि मी घाबऱ्याघुबऱ्या तो संच मागवला. धाकटा त्यातून एकच गोष्ट शिकला, फोमची अक्षरं बादलीत तरंगतात.

आता जुळे सोलापुरात घरीच दुपारनंतर चार-पाच मुलांना घेऊन बसते. कुणाला वाचायला जड जातं, एकाला स्वमग्नता आहे, एकीला कमी ऐकू येतं, एकाची समज वयापेक्षा लहान आहे. आईवडील येतात ते बहुतेक पिशवी भरूनच येतात आणि विचारतात, "मॅडम, अजून काय घेऊ?" मी म्हणते, महिनाभर काहीच घेऊ नका. मूल नेमकं कुठं अडतंय ते आधी दिसू दे. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः केल्यात, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

मुखपृष्ठावरची इयत्ता

मुलगा चौथीत, म्हणून चौथीची सरावपुस्तिका. पण तो काना-मात्रेच्या शब्दापाशीच थांबतोय. मग आई ओळ वाचते, तो मागून म्हणतो, पान पूर्ण होतं. आईला वाटतं अभ्यास झाला. झाला तो आईचा.

त्याच्या उलटही होतं. अकरा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही म्हणून बालवाडीचं पुस्तक पुढ्यात ठेवायचं, वर फुगा आणि ससा. एकाने पुस्तक माझ्याकडे ढकललं, "मॅडम, हे बारक्या पोरांचं हाय की." खरंच होतं त्याचं. वाचन पहिलीचं असलं तरी अक्कल अकरा वर्षांचीच असते. त्याचे वडील यंत्रमागावर. मग आम्ही मागाच्या कारखान्यावरच चार-चार शब्दांची वाक्यं केली: 'माग चालू झाला. धागा तुटला. बाबा आले. धागा जोडला.' त्यात 'जोडला' त्याला अडलं, पण त्याने ते सोडलं नाही, कारण पुढे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. शब्द सोपे, विषय मात्र वयाचा. बाजारात असं साहित्य कमी मिळतं. वही आणि स्केचपेन घेऊन घरीच करावं लागतं.

कुठलं पान योग्य हे ठरवायची माझी एक घरगुती रीत आहे. साधारण वीस शब्दांचं पान मुलापुढे ठेवायचं आणि गप्प बसायचं. एक-दोन ठिकाणी अडखळलं तर ते पान सरावाला चांगलं. पाच-सहा ठिकाणी अडलं तर पान बाजूला. एकदाही अडलं नाही तर ते मजेखातर वाचू द्या, शिकवायला नको. ई-बालभारतीवर सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. खालच्या इयत्तेचं अख्खं पुस्तक आणण्यापेक्षा हवी ती चार पानं छापून घ्या. पानावर 'इयत्ता पहिली' दिसत नाही, हा वरचा फायदा.

'ऐ' ऐनकेचा

नवी पेठेत फिरलात तर भिंतीवर लावायचे प्लास्टिकचे तक्ते ढिगाने दिसतील. घेण्याआधी एकदा नीट वाचा. त्यातले बरेच हिंदीसाठी छापलेले असतात. 'ऐ' पाशी ऐनक, 'औ' पाशी औरत, आणि 'ळ' शोधून सापडत नाही. ज्याला वाचन सहज येतं तो पोरगा यातून वाट काढतो. ज्याला प्रत्येक आकार झगडून लक्षात ठेवावा लागतो, त्याला शाळेत एक 'ल' आणि घरच्या भिंतीवर दुसरा 'ल' हे फार महागात पडतं. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली, त्यात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहे. हिंदी छपाईत हे दोन्ही वेगळे असतात, ५, ८ आणि ९ चे आकारही कधीकधी वेगळे. घरातलं साहित्य आणि शाळेचं पुस्तक, दोन्हीकडे अक्षर एकाच वळणाचं हवं. एवढं तपासलंत तरी अर्धा गोंधळ जन्मालाच येत नाही.

निदानाचं नाव वाचून खरेदी

'डिस्लेक्सियासाठी' (म्हणजे वाचन-लेखन जड जाणाऱ्यांसाठी), 'ऑटिझम स्पेशल' (म्हणजे स्वमग्नतेसाठी) असं लिहिलेल्या डब्याची किंमत आपोआप वाढते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. डब्याला तुमच्या मुलाची ओळख नाही. डिस्लेक्सियाचं बरंच साहित्य इंग्रजीसाठी बनलेलं असतं, आणि इंग्रजीची अडचण वेगळी. तिथं एकाच अक्षराचे चार उच्चार. मराठीत क म्हणजे क. आपल्याकडे मुलं अडतात ती दुसरीकडे: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत, पहिल्या वेलांटीत, कारण ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, आणि 'र' मध्ये. चक्र, अर्क, राष्ट्र, दुसऱ्या हे चार शब्द एका खाली एक लिहून बघा. चारही ठिकाणी र आहे, आणि चारही ठिकाणी त्याने वेगळा वेष घेतलाय.

म्हणून निदानाचा कागद फाइलला लावा आणि मुलाच्या चुकांची वही घाला. पंधरा दिवस, तारीख टाकून, नेमकं काय चुकलं ते लिहा. 'वाचता येत नाही' असं लिहू नका. 'धर ऐवजी घर वाचलं' असं लिहा. पंधरा दिवसांनी वहीच सांगते काय विकत घ्यायचं, आणि बहुतेक वेळा काहीच घ्यावं लागत नाही. घ-ध साठी सँडपेपरवर कापलेली दोन मोठी अक्षरं पुरतात. मात्र दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका. आधी घ पक्का होऊ द्या, ध आठवड्याने आणा. जोडीने शिकवलं की गोंधळही जोडीने पक्का होतो.

एकोणसाठचा घोळ

गणिताचं साहित्य घेताना आपण बेरीज-वजाबाकीकडे बघतो. खरी अडचण त्याच्या बऱ्याच आधी, संख्यांच्या नावांत असते. 'सदतीस' म्हणताना आधी सात ऐकू येतात, मग तीस. लिहायचे मात्र आधी तीन. मूल ऐकलं तसं लिहितं, ७३, आणि आपण त्याला वेंधळं म्हणतो. 'एकोणसाठ' तर त्याहून अवघड. कानावर साठ पडतो, म्हणून ६ लिहिलं जातं, आणि ५९ चे ६९ होतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? विधिमंडळापर्यंत चेष्टा पोचली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर परोपरीने कारण समजावून सांगत होत्या. मला तेव्हा हसू आलं नाही. धाकट्याला मी त्याआधीपासून चोरून 'तीस सात' असंच शिकवत होते.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून. आणि शंभर मण्यांची गणितमाळ, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. 'सदतीस' म्हटलं की मुलाने तीन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या पुढे ओढायच्या, 'तीस आणि सात' म्हणायचं, मग लिहायचं. क्रम हाच. आधी हात, मग तोंड, शेवटी पेन्सिल. यात घाई करून थेट वर्कशीट दिलं की पुन्हा ७३. माझ्याकडच्या एका मुलीला काड्या सोडायला सात महिने लागले. सोडल्या तिने स्वतःच. एक दिवस म्हणाली, "काड्या नको, मनातच गठ्ठे दिसतात."

ज्या मुलाची समज कमी आहे त्याच्या बाबतीत मी अजून एक पाऊल मागे येते. खोट्या नोटांचा संच घेऊ नका, खऱ्या नोटा द्या. दहाची नोट घेऊन कोपऱ्यावरून पाच रुपयांची कोथिंबीर आणायची, उरलेले पाच परत आणायचे. खेळण्यातल्या नोटेवर शिकलेलं दुकानात आठवतच नाही. अशा मुलांसाठी काय, कुठल्या क्रमाने शिकवायचं याच्या तपासणी-याद्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेने तयार केल्या आहेत, आणि सोलापूरकरांना सिकंदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. आपल्याला सवय सगळ्यासाठी पुण्या-मुंबईकडे तोंड करायची.

घरात तेलुगू, शाळेत इंग्रजी, क्लासमध्ये मराठी

ही चूक आपल्या गावात इतर गावांपेक्षा जास्त होते. अशोक चौकाकडची एक मुलगी आली होती, पहिलीतली. आईने चित्रकार्डं आणली होती. कुत्र्याचं कार्ड दाखवलं, मुलगी म्हणाली, "कुक्का." आई लगेच, "डॉग म्हण, डॉग!" मुलगी गप्प झाली ती उरलेला तासभर. त्या कार्डांवर शिकायचं काय होतं? प्राणी तिला माहीत होता. मी आईला म्हटलं, हिला तेलुगूतच आज शाळेत काय झालं ते सांगायला लावा. पोरीने पाच मिनिटं अखंड सांगितलं, हातवाऱ्यांसकट. हिला भाषेची अक्षमता नव्हती. तिला तिसरी भाषा नवी होती, एवढंच.

भाषेची खरी अडचण असली तर ती घरच्या भाषेतही दिसते, मग ती तेलुगू असो, कन्नड असो की उर्दू. म्हणून संच घेण्याआधी घरच्या भाषेत बघा: मूल गोष्ट सांगतं का, दोन सूचना एकत्र दिल्या तर पाळतं का. तिथंही अडत असेल तर तज्ज्ञाकडे जा. नसेल तर घरची भाषा बंद करू नका, कार्डामागे तिन्ही भाषांतले शब्द लिहा.

छोट्या चुका

काहीही घेण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणून ओरडा खावा लागतो.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी पान नुसतं मोठं करून झेरॉक्स काढू नका, अक्षर फिकं होतं. जाड काळ्या पेनने हाताने लिहिलेलं बरं. आणि लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाइटखाली ते चमकतं आणि मूल मान वाकडी करून बसतं.

ॲप घेताना आवाज बंद करून मुलाला पाच मिनिटं खेळू द्या. टाळ्या आणि चांदण्या गेल्यावरही ते त्यात रमलं तर ॲपमध्ये काही आहे. नाहीतर बरोबर उत्तर येईपर्यंत चारही पर्याय दाबत बसणं, एवढंच. पण फोन शत्रू नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन केला की बऱ्याच धड्यांचे व्हिडिओ मिळतात. ज्याला वाचता येत नाही त्याने इतिहास ऐकून शिकला तर ती लबाडी नाही. शिवराय समजायला जोडाक्षरं यावीच लागतात असं नाही.

बोर्ड न ठरवता पुस्तकं

शाळा सोडून घरीच शिकवायचं ठरवलेल्यांची ही मोठी चूक. आधी राज्य मंडळाची गाइडं आणायची, मग कळतं की परीक्षा द्यायचीय राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, एनआयओएसची. त्यांची पुस्तकं वेगळी, विषय वेगळे. दहावीला तिथं वय किमान १४ लागतं, पाच विषयांत उत्तीर्ण व्हायचं असतं, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. म्हणजे एका वेळी दोन विषयही चालतात. आमच्या धाकट्याने चित्रकला घेतली आणि घरातली निम्मी भांडणं मिटली. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे, आणि लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा अधिक, असेल तर मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत आहे. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ हवा असेल तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम नववीतच सुरू करा. फेब्रुवारीत धावाधाव करून ते होत नाही.

घेतलं, पण चालत नाही

टाकून देण्याआधी तीन गोष्टी बदलून बघा. पहिली, वेळ. शाळेतून पाचला आलेलं मूल साडेपाचला काही घेत नाही, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारी मोठ्यांचंही डोकं चालत नाही. सकाळी शाळेआधीची पंधरा मिनिटं करून बघा. दुसरी, पानावरची गर्दी. दहा गणितांतली आठ कागदाने झाका. वर्कशीटला बघूनच रडणारी मुलं दोन गणितं मुकाट करतात. तिसरी, शिकवणारा. आईपुढे हट्ट करणारं मूल आजोबांपुढे तेच पान निमूट वाचतं. यात आईने मनाला लावून घेऊ नये, मी घेतलं होतं.

हे करूनही पंधरा दिवसांत वहीतली चूक तीच राहिली, तर साहित्य बाजूला ठेवा. त्यावर पेनने लिहिलेलं नसेल तर दुसऱ्याला देता येतं. म्हणून माझ्याकडे पानं पारदर्शक प्लास्टिकच्या फाइलीत घालून वरून मार्करने लिहितात आणि जुन्या टेरी टॉवेलच्या तुकड्याने पुसतात. सोलापुरात त्या तुकड्यांना काय तोटा.