एमएसडब्ल्यूला येताय? बडोद्यातल्या फिल्डवर्कबद्दल, मोकळेपणाने

एमएसडब्ल्यूला, म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्कला, प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचे फोन सुरू झाले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला आईवडिलांचा असतो: नोकरी लागते का? दुसरा मुलांचा: ‘ताई, मला केसवर्क आवडतं. लोकांशी बोलायचं, मदत करायची. ते जात, हक्क, मतदार यादी असल्या भानगडीत नाही पडलं तर चालेल ना?’ पहिल्याचं उत्तर शेवटी देते. दुसऱ्याचं आत्ताच सांगते, चालणार नाही. तुम्ही पडायचं नाही म्हटलंत तरी तुमची केसच तुम्हाला तिकडे घेऊन जाईल.

एक उदाहरण. फिल्डवर्कच्या वस्तीत एक मुलगी शाळेत जाईनाशी झाली होती. तुमच्याकडे केस येते ती ‘अभ्यासात रस नाही, समुपदेशन करावे’ अशी. तुम्ही घरी जाता, ओट्यावर बसता, तिच्या आईबरोबर शेंगा सोलत गप्पा मारता. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मुलगी हळूच सांगते की वर्ग झाडायला रोज तिलाच आणि तिच्या गल्लीतल्या दोघींनाच उठवतात. या मुलीला तुम्ही कितीही समुपदेशन केलंत तरी झाडू तिच्याच हातात राहणार. पण गल्लीतल्या आणखी दोन घरांत तीच गोष्ट ऐकू आली की ती एका मुलीची केस उरत नाही. संविधानाचं कलम १७ अस्पृश्यता संपवतं, ते अशा वर्गांसाठी. आता तुम्हाला आयांना एकत्र बसवायचंय, शाळा व्यवस्थापन समितीत त्यांच्यापैकी कोण आहे ते शोधायचंय आणि मुख्याध्यापकांसमोर त्या स्वतः बोलतील इतकी तयारी करायचीय. केसवर्क (एका व्यक्तीबरोबरचं काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचं) आणि कम्युनिटी ऑर्गनायझेशन (वस्तीला संघटित करणं) हे तीन पेपर पुस्तकात वेगळे असतात. वस्तीत ते एकाच ओट्यावर सुरू होतात.

बडोद्यात हे शिकताना शहराचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवा. आपल्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचा फोटो असतो, आणि तो योग्यच आहे. १९०६ मध्ये त्यांनी सबंध संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा त्याच्याही आधी निघाल्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्य समाजाच्या आत्माराम अमृतसरींनी तो भार उचलला. १९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ठरल्याप्रमाणे ते संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या उतारशाळेत पारशी नाव लावून राहिले, तर काठ्या घेऊन जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. कचेरीतले शिपाई कागद लांबूनच टेबलावर टाकत. कमाटीबागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी पकडली. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. फिल्डवर्क सुरू व्हायच्या आधी तिथे जाऊन या.

महाराजांची इच्छा होती, हुकूम होता, नोकरी होती. खोली तेवढी नव्हती. कायदा सुटतो तिथपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत जे अंतर उरतं, तेच आपलं कार्यक्षेत्र, असं मी मानते. आजही वाघोडिया रोडकडे आफ्रिकी देशांतून शिकायला आलेल्या मुलांना, ईशान्येकडच्या मुलींना खोली शोधताना काय काय ऐकावं लागतं ते त्यांना विचारा. वर्णभेद म्हणजे परदेशातली गोष्ट, असं आपण मानतो. २०१४ मध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्र सरकारला या प्रश्नावर बेझबरुआ समिती नेमावी लागली होती.

अमेरिकेतल्या सोशल वर्कचा इतिहास अभ्यासक्रमात येतो. बरीच मुलं तो परीक्षेपुरता वाचतात. तसं करू नका. व्हिटनी यंग हे शिक्षणाने सोशल वर्कर. ते १९६१ पासून काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीगचे प्रमुख होते आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या नेत्यांपैकी एक होते. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, काळ्या नागरिकांचं मत अडवणाऱ्या साक्षरता चाचण्यांसारख्या युक्त्यांवर तिथल्या मताधिकार कायद्याने घाव घातला. १९९३ च्या कायद्याने तर सरकारी मदत देणाऱ्या कचेऱ्यांवरच मतदार नोंदणीची सोय करण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे मदतीचा अर्ज भरून घेणाऱ्याच टेबलावर मतदार नोंदणीचा अर्ज. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. आपल्याकडे कायदा तसं सांगत नाही, पण विधवा सहाय्याचा अर्ज भरताना ‘मतदार यादीत नाव आहे का?’ एवढं विचारायला आपल्याला कोण अडवतंय? आणि जातीविरुद्धचा नि वर्णभेदाविरुद्धचा हे दोन लढे एकमेकांना अनोळखी नव्हते. १९४६ मध्ये आंबेडकरांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे देत असलेल्या अर्जाची माहिती मागवली होती.

आपल्या व्यवसायाची दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना कुंपणाच्या वसाहतींत ठेवलं. त्यांतल्या काही वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या सेवाभावी संस्था चालवत. सुधारणेच्या नावाखाली हजेरी घेतली जायची. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. विमुक्त जमातींच्या वस्तीत जाल तेव्हा लोक पहिले काही आठवडे तुमच्या वहीकडे संशयाने बघतील. त्यांच्या आजोबांची नावं कुणीतरी अशाच वहीत लिहून घेतली होती. म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या भेटींत वही काढूच नये. रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची लेखी नोंद, घरी येऊन लिहा. लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवता येईल अशाच भाषेत लिहा.

आता मतदार नोंदणीविषयी जरा सविस्तर, कारण नागरिक म्हणून मोजलं जाण्याची सुरुवात तिथून होते आणि नवख्या मुलांना हे काम कारकुनी वाटतं. नवीन नाव घालायला फॉर्म ६. पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला फॉर्म ८. नाव वगळण्यासाठी किंवा नावाला हरकत घ्यायला फॉर्म ७. अठरा वर्षं पूर्ण झाल्याचं मोजायला आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घर नसलेल्या माणसालाही यादीत जागा आहे. त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. तो जिथे झोपतो म्हणून सांगतो, तिथे बूथ लेव्हल ऑफिसरने, म्हणजे बीएलओने, रात्री जाऊन खात्री करायची असते. हे कागदावर आहे. ते घडवून आणणं आपल्याकडे.

एका उड्डाणपुलाखाली खेळणी विकणारं कुटुंब राहायचं. बीएलओ एका शाळेच्या शिक्षिका होत्या. दिवसभर वर्ग घेऊन रात्री दहानंतर त्या आल्या, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे; बीएलओंना शत्रू समजू नका. खांबाला दोरीने बांधलेला देवीचा फोटो, तीन विटांची चूल, कठड्याला लटकवलेल्या गोणपाटाच्या झोळीत झोपलेलं पोर. बाईंनी टॉर्च मारून विचारलं, ‘नाम?’ त्या कुटुंबातल्या बाईने नवऱ्याचं नाव सांगितलं. ‘उनका नहीं, आपका.’ तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर सारखा केला आणि स्वतःचं नाव सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणून बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने ते इतक्या मोठ्याने म्हटलं की पलीकडच्या अंथरुणावरची माणसं उठून बसली. अशा वेळी तुमचं काम मागे उभं राहण्याचं असतं. तुम्ही तिच्या वतीने नाव सांगून टाकलंत, तर पाच मिनिटं वाचतील आणि ती रात्र वाया जाईल. त्यानंतरचं काम मात्र तुमचं: मतदार कार्ड टपालाने येतं, पुलाखाली टपाल येत नाही, तेव्हा ते कुणाकडून, कसं मिळणार हे बीएलओंशी आधीच बोलून घ्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेत मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा २००२ च्या यादीत आपलं किंवा आईवडिलांचं नाव शोधण्याची वेळ लोकांवर आली. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या, आईवडील मजुरीसाठी गावोगाव फिरलेल्या बायकांना ते सर्वांत अवघड गेलं. वस्तीतल्या प्रत्येक घराची जुनी कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, त्याच घरात, सांभाळून ठेवायला शिकवा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि नदीकाठच्या वस्त्यांत रेशनकार्डांपासून दाखल्यांपर्यंत सगळं भिजलं. फाइल माळ्यावर हवी, खाटेखाली नको.

एक पथ्य कडक पाळा. कुणाला मत द्यायचं हे सुचवायचं नाही, विचारायचंही नाही. वस्तीत सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते येतात आणि तुमच्या प्रत्येक वाक्याचा वास घेतला जातो.

मतदान पाच वर्षांनी, गटार रोजचं. बडोदा महापालिकेत १९ वॉर्ड, प्रत्येकी ४ नगरसेवक, एकूण ७६, आणि निम्म्या जागा महिलांच्या. तुमच्या वस्तीचे चार जण कोण आणि ते कधी भेटतात हे वस्तीतल्या किमान पाच बायकांना तोंडपाठ हवं. उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच: गुजरातेत अर्जाची फी २० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज वस्तीतल्याच कुणाच्या तरी नावाने जाऊ द्या, त्यांची तयारी असेल तर. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४ च्या कायद्याने शहर फेरीवाला समिती आहे. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. भाजीवाल्या मावशींना हे माहीत आहे का, एवढं विचारून बघा.

अत्याचाराच्या केसबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. जातीवरून मारहाण, शिवीगाळ, बहिष्कार झालेलं कुटुंब तुमच्यासमोर येतं तेव्हा पहिली धडपड ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांची असते. सरपंच, घरमालक, कधीकधी आपल्याच संस्थेतले वरिष्ठ. मिटवायचं की लढायचं हे त्या कुटुंबाने ठरवायचं. तुम्ही त्यांना नेमकी माहिती द्यायची. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर, सांगतो की एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. पीडिताला आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि केस कुठवर आली याची माहिती मिळण्याचा हक्क आहे. ठाण्यात जायच्या आधी त्यांच्याबरोबर शांतपणे बसा: काय म्हटलं गेलं ते शब्द जसेच्या तसे, कुठे, किती वाजता, समोर कोण होतं. इतरांच्या देखत झालं का, याला कोर्टात फार महत्त्व येतं. हे सगळं आठवताना माणूस थरथरतो. पाणी द्या, थांबा, घाई करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. वकिलासाठी जिल्हा न्यायालयातलं कायदेविषयक सेवा प्राधिकरण गाठा. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. फोन १५१००. अत्याचारांसाठी वेगळी हेल्पलाइन १४५६६.

गटारात उतरून मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. त्याआधी ही रक्कम १० लाख होती. ठेकेदार दोन-पाच लाखांत सही घ्यायला येतो तेव्हा घरच्यांना हा आकडा माहीत असायलाच हवा.

आणि घर. आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांतून येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. वस्तीत चहा पिऊन आलात की घरी चर्चा होईल. आजी विचारेल, ‘कुणाच्या घरी?’ आजीशी भांडू नका, पण उत्तर टाळूही नका. वरची खोली भाड्याने द्यायची निघाली आणि ‘आपल्यातलेच बघा’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही काय बोलता, तो तुमच्या फिल्डवर्कचाच भाग आहे, मग सुपरवायझर तो तपासो न तपासो.

राहिली नोकरी. लागते. पण वकिलाला सनद असते तशी आपल्याला नाही, त्यामुळे बऱ्याच जागा कंत्राटी असतात: बाल संरक्षणाचं जिल्हा युनिट, महिलांसाठीचं सखी केंद्र, रुग्णालयातला सामाजिक विभाग, कारखान्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) विभाग, आणि स्वयंसेवी संस्था. आदिवासी भागात काम करायचं असेल तर ‘भाषा’ संस्थेने छोटा उदेपूरजवळ तेजगढला उभारलेली आदिवासी अकादमी पाहून या. राठवा समाजाकडून काय शिकायचं असतं ते तिथे समजतं. गुजराती लिहायचा सराव आत्तापासून करा. आपली मुलं फर्डं गुजराती बोलतात आणि अर्ज लिहायला बसली की अडतात. मामलतदार कचेरीत तोंडी गुजराती पुरत नाही.

मुलाखतीत पगार विचाराच, लाजू नका. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: संस्थेच्या समितीत वस्तीतलं कुणी आहे का, अत्याचाराची केस आली तर संस्था शेवटपर्यंत उभी राहते की हवाली करून मोकळी होते, आणि रात्री उशिरा वस्तीतून परतायचं झालं तर रिक्षाचे पैसे कोण देतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन मिळालं तर संस्थेतली माणसं खरोखर वस्तीत जातात, असं समजा.