लेफ्ट जॉईन लावूनही सभासद गळतात? या चुका टाळा

नव्या पोरांच्या एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) तपासताना एकच चूक मला सारखी सापडते. लेफ्ट जॉईन म्हणजे डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवून उजव्या टेबलच्या जुळणाऱ्या ओळी त्यांना जोडणं. जॉईन लेफ्ट लिहायचा आणि उजव्या टेबलची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, टाकायची. जुळणी न झालेल्या ओळीत उजवीकडचे रकाने नल, म्हणजे रिकामे, असतात. नलची बरोबरी कशाशीच खरी ठरत नाही, त्यामुळे व्हेअर त्या ओळी कापतो. हातात उरतो इनर जॉईन, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळी.

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याचं काम होतं. सगळ्या सभासदांची यादी हवी होती, २०१८-१९ च्या हंगामातल्या टनेजसह; ऊस घातला नसेल तर नावापुढं शून्य. डावीकडं सभासदांचं टेबल, उजवीकडं ऊसखेपांचं. आमच्या पोरानं खेपांच्या हंगामाची अट व्हेअरमध्ये घातली आणि शून्यवाले सगळे गायब. सांगितल्यावर त्यानं घाईघाईत पुढं ‘ऑर हंगाम इज नल’ (किंवा हंगाम रिकामा असेल तर) जोडलं. "झालं की ओ सर, आले शून्यवाले!"

आले, पण ज्यांनी कधीच ऊस घातला नव्हता तेवढेच. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे सभासद खिडकीशी येऊन विचारायला लागले, "माझं नाव कुठाय?" त्यांच्या आदल्या हंगामाच्या ४ खेपा होत्या, या हंगामाची एकही नाही. जॉईन जुन्या खेपांशी जुळला. म्हणजे हंगाम नल नाही आणि २०१८-१९ पण नाही. गेले बाहेर. ती अट व्हेअरमधून उचलून ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, ठेवली, की यादी पुरी झाली. ‘ऑर इज नल’ची ही मलमपट्टी मला अजिबात खपत नाही.

उलटं पण ध्यानात ठेवा: डाव्या टेबलची अट ऑनमध्ये टाकली तर डावीकडची एकही ओळ कमी होत नाही. ती व्हेअरमध्येच हवी. माझी सवय अशी, की आधी डाव्या टेबलची मोजणी कागदावर लिहायची, मग जॉईननंतरची. आकडा घटला किंवा फुगला की तिथंच थांबायचं.

फुगतो तो दोन पोट-टेबलं (एका सभासदाच्या अनेक ओळी असलेली, जशी खेपांची आणि उचलींची) एकदम जोडल्यावर. एका सभासदाच्या ५ खेपा आणि ३ उचली असतील तर १५ ओळी होतात, टनेज तिप्पट. मग पोरं सम डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरून बेरीज) लावतात आणि सारख्या वजनाच्या दोन खेपांची एकच धरली जाते. खेपांची बेरीज एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी), उचलींची दुसरीत, दोन्ही सभासद क्रमांकावर ग्रुप बाय करून, म्हणजे गट पाडून, मगच जोडा. दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

‘यादीत नसलेले’ शोधताना नॉट इनच्या सबक्वेरीत एक जरी नल आला तरी निकाल रिकामा येतो. नॉट एक्झिस्ट्स वापरा.

काउंट स्टारनं (तो सगळ्या ओळी मोजतो) शून्य खेपांच्या सभासदापुढं १ येतो. उजव्या टेबलचा खेप क्रमांक मोजा.

जुन्या ओरॅकल (एक डेटाबेस) क्वेरीत आउटर जॉईनची (लेफ्ट जॉईन त्यातलाच) खूण असलेलं कंसातलं अधिक चिन्ह उजव्या टेबलच्या एका अटीवर जरी लावायचं विसरलं तरी आउटर जॉईन गेला. ओरॅकल ९आयपासून लेफ्ट जॉईन सरळ लिहिता येतो, तोच लिहा.