पेन्सिल नंतर, आधी शेंगा : पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

दर जूनमध्ये असं एक तरी लेकरू वर्गात येतंच. एकदा एक आजी नातवाला घेऊन आल्या. "बाई, समदं येतंय बघा त्याला." पोरानं हाताची घडी घातली आणि एका दमात अ पासून ज्ञ पर्यंत म्हणून दाखवलं, वर एक ते शंभर. मी तक्त्यावरच्या म वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय रे?" त्यानं पुन्हा अ पासून गाडी सुरू केली. म शी थांबायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट पुढ्यात घेऊन तो नुसता बसून राहिला, कारण घरी आजी भरवत. दुपारून चड्डी ओली झाली. 'शू लागली' हे परक्या माणसाला सांगायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

आजींनी दोन महिने जीव लावून मेहनत घेतली होती. ती शिकवणीतच खर्च झाली, तयारी राहून गेली. मी परभणीकडच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते आणि पालकांना मेमध्येच गाठून हे सांगायचा प्रयत्न करते. मेमध्ये लग्नसराई असते, त्यामुळे ऐकायला फारसं कुणी थांबत नाही. म्हणून लिहून काढलं.

पाठांतर झालं म्हणजे तयारी झाली असं धरून चालणं

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं. लेकरानं समजून वाचावं आणि साधी आकडेमोड करावी, यासाठी त्यात मुदत दिली आहे ती तिसरीच्या अखेरपर्यंतची. आपण मात्र पहिलीच्या उंबऱ्यावरच बाराखडी मागतो.

अक्षराच्या आधी कान तयार व्हावे लागतात. भाकरी या शब्दात भा, क, री असे तीन तुकडे आहेत हे टाळ्या वाजवत ऐकू आलं, की पुढं अक्षर ओळखणं सोपं जातं. संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या विचारा, "क नं सुरू होणारं आपल्या घरात काय काय हाय?" कढई, कणीक, कळशी, कंदील. 'कोंबडी' म्हणालं तरी चालेल, क तर ऐकला ना त्यानं. याला वहीही लागत नाही आणि लाईट गेली तरी खेळ थांबत नाही. भेंड्या आणि कोडी यासाठीच आहेत. म्हाताऱ्या माणसांकडं कोड्यांचं गाठोडं असतं, ते या दोन महिन्यांत सोडवून घ्या.

मोबाईलवरच्या अक्षरांच्या व्हिडिओचं एक सांगायचं राहतं. बरेचसे व्हिडिओ हिंदी असतात आणि हिंदी वर्णमालेत ळ नाही. दोन महिने 'क से कबूतर' ऐकून आलेल्या लेकराला बाळ, नळ, शाळा, फळा यातला ळ ओळखता येत नाही. ल आणि श हेही हिंदीत वेगळ्या वळणानं लिहितात. तक्ता घ्यायचाच असेल तर आधी त्यात ळ आहे का ते बघा.

हात तयार नसताना पेन्सिल देणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून इथं जरा थांबते.

पाच-साडेपाच वर्षांच्या लेकराच्या बोटांत अजून पुरतं बळ आलेलं नसतं. जोर खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात आणि सगळ्यात शेवटी बोटांच्या टोकांत उतरतो. तो उतरायच्या आत दुरेघी वही पुढं ठेवली, की लेकरू पेन्सिल मुठीत आवळतं, कागद फाटेस्तोवर दाबतं आणि चार ओळींत हात दुखला म्हणून रडतं. मुठीची ती सवय पुढं मोडायला मला वर्ष लागतं.

यावरचा इलाज आपल्या उन्हाळ्यातच आहे. भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवा. अंगठा आणि तर्जनीनं टरफल दाबून फोडायला जी ताकद लागते, तीच पुढं पेन्सिल धरायला लागते. सुपात ज्वारी निवडू द्या, फोडलेल्या चिंचेतून चिंचोके काढू द्या. घरात लग्न असेल आणि बायका गव्हले, बोटवे (हातानं वळायच्या बारीक शेवया) करत बसल्या असतील तर लेकराला हाकलू नका, एक गोळी त्याच्याही हातात द्या. वेडंवाकडं होईल, ते वेगळं ठेवा. कणीक मळणं, ओला रुमाल पिळणं, कपड्यांना चिमटे लावणं, शर्टाची बटणं घालणं, हे सगळं लेखनच आहे.

लिहायची हौसच असेल तर दुपारी त्याला वाटीभर पाणी द्या आणि ओल्या बोटानं भिंतीवर किंवा फरशीवर रेघा, गोल, वळणं काढू द्या. आपल्याकडच्या मेच्या उन्हात काढलेलं वळण बघता बघता वाळतं, खोडरबर लागत नाही, पोर हसत पुन्हा काढतं. खडू द्यायचा तर तुटका, बोटाच्या पेराएवढा द्या. तेवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

आकड्यांची घाई

शंभरपर्यंत म्हणणारं पोर सात चिंचोके मोजताना चुकतं, कारण तोंड पुढं पळतं आणि बोट मागं राहतं. एका वस्तूला एक आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती, हे समजणं म्हणजे मोजणं. दहापर्यंत हे पक्कं झालं तर उन्हाळा सार्थकी लागला, वीसपर्यंत झालं तर उत्तमच.

मराठी आकड्यांची अडचण वेगळीच आहे आणि ती लेकराच्या अंगावर घालू नये. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी येतो. म्हणून पोर ऐकून ५२ लिहितं आणि घरचे म्हणतात, याला डोकंच नाही. एकोणतीस तर आणखी अवघड : ऐकू येतं तीस, लिहायचं २९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता! त्या वादात मी कुणाची बाजू घेत नाही, पण अडचण खरी होती हे वर्गात रोज दिसतं. वीसच्या पुढचं शाळेवर सोडा.

मोजायला घरात काय कमी आहे? जेवायला किती माणसं, ताटं किती घ्यायची, भाकरी किती पुरतील. टँकर आला की कुणाचे हंडे जास्त, कुणाचे कमी. एक बादली भरायला किती तांबे पाणी लागतं, हा माझ्या पोरांचा सगळ्यात आवडता खेळ. पाणी तेवढं नंतर झाडाला घाला, नाहीतर माय ओरडते, आणि तिचं ओरडणं बरोबरच असतं.

बोलीवरून टोकणं

'मी जेवायलो', 'पाऊस येऊ लालाय' असं बोलणाऱ्या लेकराला शाळेत जायचंय म्हणून मेपासूनच 'नीट बोल' म्हणून दटावणं सुरू होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही असंच टोकायची. एक पोरगी चार दिवस टोकून घेतल्यावर दिवाळीपर्यंत माझ्याशी बोललीच नाही. अंगणात मात्र तिचं तोंड मिटत नसे.

पुस्तकातली भाषा पुस्तकाबरोबर येते. घरच्या भाषेत जे पोर काल यात्रेत काय पाहिलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू शकतं, त्याची भाषेची तयारी झालेली असते. मग ती बोली लातुरी असो, तांड्यावरची गोरमाटी असो, घरची उर्दू असो, नाहीतर देगलूरकडची तेलुगू. तुम्ही फक्त ऐका आणि मधे मधे 'मग?' म्हणत राहा.

शाळेची भीती घालणं

"थांब, शाळेत घालते तुला, बाई कशा सरळ करतेत बघ." हे वाक्य मी माझ्याच नावानं माझ्याच कानांनी ऐकलंय, किराणा दुकानात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं लेकराला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे. म्हणजे तुम्ही ज्या गोष्टीचा धाक घालता, ती करायची आम्हाला परवानगीच नाही. धाक मात्र लेकराच्या मनात बसतो आणि पहिला आठवडा रडण्यात जातो.

त्यापेक्षा मेमध्ये दोन-तीनदा संध्याकाळी शाळेकडं फिरवून आणा. पाणी कुठं प्यायचं, वर्ग कुठला, आणि मुख्य म्हणजे शौचालय कुठं ते दाखवा. ज्या घरात शौचालय वापरायची सवय नाही, तिथल्या पोराला ती अंधारी खोली भुतासारखी वाटते. ते दिवसभर दाबून धरतं, मग पोट दुखतं आणि आपण म्हणतो, शाळेचं नाव काढलं की नाटकं करतंय. चड्डीचा हूक स्वतः काढणं, स्वतः धुणं, हात धुणं हे उन्हाळ्यात शिकवा. हूक जमत नसेल तर इलॅस्टिकची चड्डी शिवा.

मेळाव्याला फोटोपुरतं येणं

२०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' या नावानं शाळापूर्व तयारी अभियान चालतं. एक मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणि एक जूनमध्ये. पहिल्या मेळाव्यात लेकराला काय जमतं, काय नाही ते टेबलाटेबलावर बघतात. खरं काम मधल्या आठवड्यांत मातागटानं करायचं असतं, आणि नेमकं तेच सुटतं. चार घरच्या माया आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर बसल्या तरी पुरे. गट बनला नसेल तर अंगणवाडीताईंना विचारा.

दुपारची शिकवणी

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत तीन वाजता पाच वर्षांच्या लेकरांचा 'समर क्लास' भरलेला मी पाहिलाय. काही बोलवत नाही. जे करायचं ते सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी ताक प्यावं आणि झोपावं. मात्र रात्री गच्चीवर अकरा वाजेपर्यंत जागायची सवय जूनच्या पहिल्या आठवड्यापासून रोज थोडी थोडी मागं आणा. शाळेच्या आदल्या रात्री अचानक आठला झोपवायला गेलं तर कुणीच झोपत नाही.

'मागं पडलंय' असा शिक्का मारणं

पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये एकाच पट्टीवर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं लेकरू शेजारी बसतं. या वयात एक वर्ष म्हणजे केवढा फरक! जावेच्या पोराशी तुलना करायच्या आधी दोघांच्या जन्मतारखा बघा.

ऊसतोडीहून परतलेल्या घरांत तर हा शिक्का आधीच तयार असतो. बीडकडची कितीतरी लेकरं पाच-सहा महिने कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांत, काढून उन्हाळ्याच्या तोंडाला गावी येतात. अंगणवाडी बुडालेली असते हे खरं. पण त्यांना मोळ्या मोजता येतात, धाकट्याला सांभाळता येतं, नव्या जागी राहता येतं. त्यांच्याकडून लगेच अक्षरं मागू नका, आधी त्यांना अंगणवाडीत नेऊन बसवा. प्रवेशाची तारीख उलटली किंवा जन्मदाखला नाही, एवढ्यावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

नेहमी येणाऱ्या काही तक्रारी

*अक्षरं, आकडे उलटे काढतंय.* सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं. ओरडू नका, तेच वळण मातीत मोठं करून बोटानं गिरवून घ्या. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका.

*पाच मिनिटंसुद्धा एका जागी बसत नाही.* एवढ्या लहान वयात पाच मिनिटं कमी नाहीत. पळून, झाडावर चढून आल्यावर गोष्ट सांगा, मग बसेल.

*हाक मारली तरी बघत नाही, टीव्हीला नाक लावून बसतं, बोललेलं घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही.* हे मात्र 'मोठं झाल्यावर सुधारेल' म्हणून सोडू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा. पथक यायला वेळ असेल तर ग्रामीण रुग्णालयात कान आणि डोळे तपासून घ्या. 'ढ' म्हणून मागच्या रांगेत बसलेल्या एका पोराला चष्मा लागला, आणि पंधरा दिवसांत ते फळ्यावरचं वाचायला लागलं. तोवर त्याला बोलणाऱ्यांत मीही होते.

*माझ्याशिवाय राहतच नाही.* मेमध्ये आधी तासभर मावशीकडं ठेवा, मग अर्धा दिवस, मग एक मुक्काम मामाच्या गावाला. निघताना गुपचूप सटकू नका, "चार वाजता येते" सांगून जा आणि चार वाजता या.

आणि जूनमध्ये डबा, बाटली घ्यायला बाजारात जाल तेव्हा लेकराला सोबत न्या. दुकानातच त्याच्या हातात देऊन उघडायला लावा. त्याला झाकण उघडता आलं नाही तर कितीही गाड्यांची चित्रं असली तरी तो डबा तिथंच ठेवा. वर्गात चाळीस झाकणं असतात आणि माझे हात दोनच.